पाळणा स्वस्त, रांग महाग : थीम पार्कची सहल अजून परवडते का?

गावच्या जत्रेत शिरायला पैसे पडत नाहीत. पडतात ते आत गेल्यावर. आकाशपाळण्याचे वेगळे, ब्रेक डान्सचे वेगळे, मौत का कुआँचे वेगळे. शेजारी वडील खिशात हात घालून उभे असायचे : "एकातच बसायचं. कशात, ते आत्ता ठरव." हे ठरवण्यात माझी निम्मी जत्रा संपायची.

थीम पार्कात नेमकं उलटं. दारातच एकदा भरभक्कम तिकीट फाडायचं आणि आत गेल्यावर हवं त्यात, हवं तितक्या वेळा बसायचं. म्हणजे अमर्याद थाळी. आता अमर्याद थाळी परवडली की नाही, हे नुसत्या दरावर ठरत नसतं. आपल्याला भूक किती आहे आणि मुख्य म्हणजे वाढपी पानापाशी किती वेळा येतो, यावर ते ठरतं. पाचशे रुपयांच्या थाळीत दोनच पुऱ्या पोटात गेल्या तर ती थाळी महागच.

हे सगळं डोक्यात घोळायला लागलं ते न्यू जर्सीतल्या धाकट्या बहिणीच्या फोनमुळे. "दादा, नोव्हेंबरमध्ये आई-बाबा इकडे असतील. सगळे मिळून ओरलँडोला डिस्ने वर्ल्ड बघायला जाऊ म्हणते. पण पार्कची तिकिटं बघून डोळे पांढरे झाले. काय करू?" मी पडलो पैशांचा हिशेब लावणारा माणूस. दोन रात्री बसून हिशेब लावला, तोच इथे मांडतो.

कूपनांची वही

गंमत म्हणजे डिस्नेचं पहिलं पार्क जत्रेसारखंच होतं. कॅलिफोर्नियातल्या ॲनाहाइममध्ये १७ जुलै १९५५ला डिस्नेलँड उघडलं तेव्हा आत जायला एक डॉलर लागायचा आणि प्रत्येक पाळण्याचे पैसे वेगळे. त्याच वर्षी कूपनांच्या वह्या आल्या. ए, बी, सी अशी प्रतवारी. घोडे गोल फिरणारा साधा पाळणा 'ए'त. पुढे १९५९मध्ये सगळ्यात भारी पाळण्यांसाठी 'ई' कूपन निघालं. अमेरिकेत एखादी गोष्ट अव्वल दर्जाची असली तर तिला अजून 'ई-तिकीट' म्हणतात.

फ्लोरिडात ओरलँडोजवळ १ ऑक्टोबर १९७१ला वॉल्ट डिस्ने वर्ल्ड सुरू झालं. तेव्हा मोठ्या माणसाला नुसतं आत जायला साडेतीन डॉलर आणि बारा कूपनांच्या वहीसकट पावणेसहा डॉलर पडत. तेव्हापासून अमेरिकेत महागाई साधारण आठपट झाली. म्हणजे ते पावणेसहा डॉलर आजचे ४६ धरू. प्रत्यक्षात २०२५च्या नाताळात तिथल्या चार पार्कांपैकी मूळच्या मॅजिक किंगडमचं एका दिवसाचं तिकीट होतं १९९ डॉलर, वर कर वेगळा. महागाई वजा केली तरी चारपटीहून जास्त.

यावर पार्कवाले म्हणतील, तेव्हा बाराच पाळणे मिळायचे, आता अमर्याद आहेत. हा बाराचा आकडा लक्षात ठेवा. त्याच्याकडे परत यायचंय.

ही वही १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला बंद झाली आणि थाळी आली. तीही काही मेहेरबानी म्हणून नाही. रोलर कोस्टरच्या गाडीत २४ माणसं बसवली काय आणि १४ बसवली काय, वीज तेवढीच लागते आणि कामगारही तेवढेच. पंधराव्या माणसाला बसवण्याचा जादा खर्च जवळजवळ शून्य. मग प्रत्येक फेरीला पैसे मागून गिऱ्हाइकाला विचारात कशाला पाडा? फेऱ्या फुकट ठेवा, म्हणजे माणसं खूश राहतील, आणि त्या खुशीची सगळी किंमत दारात एकदाच वसूल करा. पैसे दारात घ्यावे की पाळण्यापाशी, या प्रश्नावर वॉल्टर ओय नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने १९७१मध्येच एक निबंध लिहिला होता. तो आजही अर्थशास्त्राच्या वर्गात शिकवतात, आणि त्याचं उदाहरणही डिस्नेलँडचंच आहे.

या युक्तिवादात एक गोम आहे. पंधरावा माणूस फुकट पडतो तो जागा रिकामी असेपर्यंतच. रांग लागली की प्रत्येक जादा माणसाची किंमत कुणीतरी चुकवतंच. ती पार्क चुकवत नाही, त्याच्या मागे उभी असलेली माणसं चुकवतात. पैशात नाही, वेळात.

वाढप्याच्या हातावर काय ठेवलं?

रांगेचं गणित समजलं की थीम पार्कचा निम्मा धंदा समजतो, म्हणून इथे जरा थांबतो.

मॅजिक किंगडमला वर्षाला पावणेदोन कोटींच्या आसपास माणसं येतात. म्हणजे दिवसाला सरासरी ४८ हजार. समजा, आत २५ पाळणे आहेत, प्रत्येकात तासाला सरासरी हजार माणसं बसतात आणि पार्क १२ तास उघडं आहे. दिवसभरात बसायच्या जागा झाल्या तीन लाख. भागिले ४८ हजार. माणशी सहा फेऱ्या आणि वर थोडं. हा ढोबळ हिशेब आहे, कुठल्या पाळण्याची क्षमता तासाला दोन हजारांवर असते तर कुठल्याची काहीशेच. पण अंदाज यायला एवढा पुरे. अमर्याद थाळीत पानात पडल्या सहा पुऱ्या. कूपनांच्या वहीत बारा होत्या.

एक फेरी चार-पाच मिनिटांची. सहा-सात फेऱ्या म्हणजे दहा-बारा तासांतला अर्धा तास. उरलेला सगळा वेळ चालण्यात, उभं राहण्यात, खाण्यात आणि "आता कुठे?" यावर वाद घालण्यात जातो. साधं मनोरंजन पार्क आणि थीम पार्क यांत फरक पडतो तो याच उरलेल्या वेळात. साध्या पार्कात पाळणा भारी असतो आणि बाकी सगळं सिमेंट. थीम पार्कात रांगेची गुहा केलेली असते, कचऱ्याचा डबासुद्धा त्या त्या गोष्टीला शोभेल असा रंगवलेला असतो, आणि वळणावर कुणीतरी पिसांची टोपी घालून हात हलवत असतं. तिकिटाचे पैसे मुख्यतः या सजवलेल्या वाट पाहण्याचे असतात. मला यात वावगं काही दिसत नाही. फक्त आपण काय विकत घेतोय, ते माहीत असावं.

आता वाढप्याकडे येऊ. १९९९मध्ये डिस्नेने फास्टपास आणला. यंत्रातून चिठ्ठी काढायची, त्यावरच्या वेळेला परत यायचं आणि छोट्या रांगेतून आत. चिठ्ठी सगळ्यांना फुकट. मग कोविडमध्ये पार्कं बंद पडली, उघडली, आणि ऑक्टोबर २०२१मध्ये हीच सोय ओरलँडोत माणशी दिवसाला १५ डॉलर लावून परत आली. पुढे नाव बदललं आणि दर तारखेप्रमाणे वरखाली व्हायला लागला. २०२४च्या शेवटी तर सगळ्या मुख्य पाळण्यांवर एकेकदा थेट प्रवेश देणारा पास निघाला. मॅजिक किंगडममध्ये त्याचा कमाल दर ठेवला ४४९ डॉलर. माणशी, दिवसाला, आणि मूळ तिकीट सोडून!

मराठी माणसाला ही कल्पना नवी नाही. तिरुमलाला तीनशे रुपयांचं विशेष दर्शन असतं, शिर्डीत पास असतो. पण देवळातला पास आणि पार्कातला पास, दोन्हींचा एक परिणाम सहसा कुणी सांगत नाही. तो आकड्यात बघा. एका पाळण्यात तासाला हजार माणसं बसतात आणि तुमच्यापुढे पाचशे उभी आहेत. म्हणजे अर्ध्या तासात नंबर लागायला हवा. पण त्या हजारांतल्या सातशे जागा पासवाल्यांना राखून ठेवल्या, तर तुमच्या रांगेतली फक्त तीनशे माणसं तासाला आत जातात. त्याच पाचशे जणांना आता एक तास चाळीस मिनिटं लागतील. पाळणा तोच, वेगही तोच. पासने नवा वेळ तयार होत नाही. तो एकाच्या खिशातून काढून दुसऱ्याच्या खिशात घातला जातो. म्हणून पास जितका जास्त खपतो, तितकी साधी रांग असह्य होते, आणि साधी रांग जितकी असह्य, तितका पास खपतो.

थाळीचा दर वाढला, याचा मला फारसा राग नाही. राग आहे तो याचा, की वाढप्याच्या हातावर वेगळे पैसे ठेवल्याशिवाय तो आता आपल्या पानाकडे वळतच नाही.

यातून काही फुकटच्या पळवाटा आहेत. बऱ्याच पाळण्यांना एकट्या माणसाची वेगळी रांग असते. गाडीत उरलेली एखादी जागा भरायला त्यातून माणूस उचलतात. बरोबरच्यांजवळ बसायचा आग्रह सोडला की काम होतं. पंढरपूरला पायावर डोकं ठेवण्याचा हट्ट सोडून मुखदर्शन घेतलं की माणूस लवकर मोकळा होतो, तसंच. लहान मूल बरोबर असेल तर आई-वडिलांपैकी एकाने बसून यायचं आणि दुसऱ्याने मग रांग न लावता जायचं, ही सोय डिस्नेत फुकट मिळते. आणि सकाळी दार उघडायच्या आधी पोचलं, तर पहिल्या तासात जेवढं होतं तेवढं दुपारच्या तीन तासांत होत नाही.

पुण्याहून निघालेल्या चौघांचा हिशेब

आता खरा प्रश्न. आई-वडील आणि दोन मुलं केवळ ओरलँडोची पार्कं बघायला पुण्याहून निघाली, असं धरू. डॉलर नव्वद रुपयांना. आकडे उदाहरणादाखल आहेत, तुमचे थोडे वरखाली होतील.

अमेरिकेच्या पर्यटक व्हिसाचं शुल्क माणशी १८५ डॉलर, चौघांचे ७४०. चार दिवसांची पार्कची तिकिटं दिवसाला माणशी सरासरी १३० डॉलर धरली तर २,०८०. रांग टाळायचे पास ४००. बाहेरच्या साध्या हॉटेलात पाच रात्री ७५०. भाड्याची गाडी, पेट्रोल, पार्किंग ५००. खाणं ९००. बेरीज ५,३७० डॉलर, म्हणजे चार लाख ८३ हजार रुपये. त्यात विमानाचे माणशी एक लाख धरून चार लाख मिळवा. एकूण आठ लाख ८३ हजार.

या बेरजेत पार्कची तिकिटं किती? एक लाख ८७ हजार, म्हणजे जेमतेम एकपंचमांश. ज्या तिकिटाच्या नावाने आपण बोटं मोडतो, त्याची किंमत उद्या निम्मी झाली तरी सहल आठ लाखांच्या आसपासच राहते. खर्च पार्कचा नाही, पार्कपर्यंत पोचण्याचा आहे.

चौघांच्या चार दिवसांत माणशी रोज सात-सात फेऱ्या झाल्या तर एकूण ११२ फेऱ्या होतात. एका फेरीला जवळजवळ आठ हजार रुपये पडले.

परदेशी सहलीचं पॅकेज घेताना सुरुवातीला टीसीएस, म्हणजे विकणाऱ्याने आगाऊ गोळा केलेला आयकर, कापतात, त्यावर पुष्कळजण चिडतात. ती रक्कम आयकराच्या विवरणपत्रात वळती करून घेता येते, म्हणून ती मी खर्चात धरली नाही. पैसे काही महिने अडकतात, एवढंच. चिडायचंच असेल तर कर्जावर चिडा. 'आधी फिरा, मग भरा' अशा जाहिराती आता फोनवर रोज येतात. आठ लाख रुपये १४ टक्क्यांनी तीन वर्षांसाठी घेतले तर हप्ता २७ हजारांच्या पुढे जातो आणि एकूण व्याज होतं सुमारे एक लाख ८४ हजार. वर बघा, चौघांची चार दिवसांची तिकिटं जवळजवळ तेवढ्याचीच होती. म्हणजे तीच तिकिटं दोनदा काढल्यासारखं झालं. दुसऱ्यांदा काढलेल्या तिकिटांवर मात्र कुणी आत सोडत नाही.

रुपयाचंही थोडं सांगायला हवं. २०११मध्ये मॅजिक किंगडमचं तिकीट ८५ डॉलर होतं आणि त्या वर्षाच्या मध्यावर डॉलर ४५ रुपयांच्या आसपास. झाले ३,८०० रुपये. आता गर्दीच्या दिवसाचे १९९ डॉलर नव्वदने गुणा : १७,९००. अमेरिकन माणसाला भाव सव्वादोनपट वाढलेला दिसतो, आपल्याला पावणेपाचपट. त्यामुळे ओरलँडो महाग झालंय का, यावर तिथले लोक जे वाद घालतात त्यातली उत्तरं आपल्याला जशीच्या तशी लागू पडत नाहीत.

न्यू जर्सीत राहणाऱ्या बहिणीचं गणित मात्र निराळं आहे. आई-बाबांचा व्हिसा झालेला, विमानाचे पैसे नातवासाठी आधीच खर्च झालेले. तिने फक्त जादा खर्च मोजायचा : नुअर्कहून ओरलँडोचं विमान, हॉटेल, तिकिटं. अर्थशास्त्रात याला सीमांत खर्च म्हणतात. आजीच्या भाषेत, चूल पेटलेलीच आहे तर दोन भाकऱ्या जास्त टाकल्या. अमेरिकेला एरवीही जाणार असाल तर चार दिवस ओरलँडोला वळवणं परवडू शकतं. नुसत्या पार्कासाठी पुण्याहून उडणं, माझ्या मते, नाही. आठ लाखांत या देशातल्या चार उत्तम सहली होतात.

वय विचारू नका, उंची मोजा

डिस्ने वर्ल्डमध्ये तीन वर्षांखालच्या मुलाला तिकीट नाही. तीन ते नऊ वर्षांच्या मुलाचं तिकीट मोठ्यांपेक्षा थोडंसंच कमी, आणि दहाव्या वर्षी मूल पार्कच्या लेखी मोठं होतं. पण पाळणे वय बघत नाहीत, उंची बघतात. मॅजिक किंगडममधल्या सात बुटक्यांच्या खाणगाडीला ९७ सेंटिमीटर लागतात, स्पेस माउंटनला ११२, ट्रॉनला १२२. पाच वर्षांचं मूल साधारण ११०च्या आगेमागे असतं. म्हणजे जवळजवळ पूर्ण तिकीट भरून ते नेमक्या त्याच पाळण्यांच्या दाराशी रडत उभं राहणार, ज्यांच्यासाठी भाऊ-बहीण रांगेत घुसलेत. पैशांच्या मोबदल्याचा उत्तम काळ सात ते नऊ. तेव्हा उंची पुरते, तिकीट बालकाचं लागतं आणि परीवरचा विश्वासही शिल्लक असतो.

दुसऱ्या टोकाला आजी-आजोबा. आपल्याकडे सहल म्हणजे सगळं घर. मग पासष्टीच्या पुढचे दोघं पूर्ण तिकीट काढून आत येतात आणि दिवसभर बाकावर बसून सगळ्यांच्या पिशव्या, चपला आणि पाण्याच्या बाटल्या सांभाळतात. जगातली सगळ्यात महाग क्लोकरूम! आमच्या घरात हे एकदा झालंय, दुसऱ्या एका पार्कात, आणि आईने संध्याकाळी विचारलं होतं : "एवढे पैसे भरून मला बसायलाच आणलं होतंत ना? घरी सोफा बरा होता."

म्हणून बहिणीला सांगितलं, आई-बाबांचं चारही दिवसांचं तिकीट काढू नकोस. एकच दिवस, आणि तो डिस्नेच्याच ॲनिमल किंगडम या पार्कचा. तिथे खऱ्या प्राण्यांची सफारी आहे, उघड्या ट्रकमध्ये बसून बघायची. तिला उंचीची अट नाही आणि पोटात गोळाही येत नाही. तिथेच 'आनंदपूर' नावाचं एक काल्पनिक आशियाई गाव उभारलंय. भिंतींवर मुद्दाम उडवलेला रंग, जुनाट पाट्या, मोडके राजवाडे, त्यांत फिरणारे वाघ. कोथरूडहून चौदा हजार किलोमीटर जाऊन, डॉलर मोजून, पोपडे उडालेली भिंत बघायची. बाबांना हे फार आवडणार, याची मला खात्री आहे.

तारीख

विमानाच्या तिकिटासारखे पार्कचे दरही आता तारखेप्रमाणे बदलतात. डिस्ने वर्ल्डमध्ये ही पद्धत २०१८पासून आहे. २०२५मध्ये सगळ्यात स्वस्त दिवस ११९ डॉलरला होता, तोही चारांपैकी एकाच पार्कचा. अमेरिकेतल्या शाळा उघडल्या की, म्हणजे ऑगस्टअखेर ते सप्टेंबर, गर्दी आणि भाव दोन्ही उतरतात. पण तेव्हा फ्लोरिडात चक्रीवादळांचा मोसम असतो आणि इकडे गणपती. गणपती सोडून मिकीकडे जायचं, हे आमच्या घरात तरी कुणी बोलून दाखवणार नाही.

मग दिवाळीनंतरचा नोव्हेंबर बरा वाटतो. इतर राज्यांसाठी तो बराही आहे. पण नोव्हेंबरच्या सुरुवातीला न्यू जर्सीतल्या शिक्षकांचं अधिवेशन असतं, शाळांना सुट्टी मिळते आणि अख्खी न्यू जर्सी ओरलँडोला लोटते. तिथे त्याला 'जर्सी वीक' असंच नाव पडलंय. एडिसनमधले निम्मे मराठी शेजारी स्पेस माउंटनच्या रांगेत भेटतील, असं बहीणच सांगत होती.

जास्त दिवसांच्या तिकिटात दर दिवसाचा दर उतरत जातो, त्यामुळे पाचवा दिवस जवळजवळ फुकट वाटतो. यामागे हिशेब आहे. तुम्ही तो दिवस शेजारच्या युनिव्हर्सल या प्रतिस्पर्ध्याच्या पार्कांना देऊ नये, म्हणून तो स्वस्त ठेवलेला असतो. मे २०२५मध्ये युनिव्हर्सलने एपिक युनिव्हर्स नावाचं नवंकोरं पार्क उघडल्यापासून तर हा ओढा वाढलाच आहे. पण फुकट दिवसाचं हॉटेल, पार्किंग आणि जेवण फुकट नसतं. जेवणावरून आठवलं, डिस्ने वर्ल्डमध्ये घरचं खाणं आत नेऊ देतात. काचेची बाटली आणि दारू सोडून. ठेपले आणि दशम्या चालतात. चौघांच्या एका वेळच्या जेवणाचे तिथे सहज साठ-सत्तर डॉलर होतात. तेवढे वाचले.

डिस्नेच हवं, पण अमेरिकाच कशाला?

टोकियो डिस्नेलँड १५ एप्रिल १९८३ला उघडलं. अमेरिकेबाहेरचं ते पहिलं. त्याचं एका दिवसाचं तिकीट तारखेप्रमाणे ७,९०० ते १०,९०० येन, म्हणजे साडेचार ते साडेसहा हजार रुपयांच्या दरम्यान. ओरलँडोच्या निम्म्याहून कमी. हे कसं, तर तिथली पार्कं डिस्नेच्या मालकीची नाहीतच. ओरिएंटल लँड नावाची जपानी कंपनी ती बांधते आणि चालवते, डिस्नेला नाव वापरल्याचे पैसे देते. गिऱ्हाईक मुख्यतः जपानी आणि पुन्हा पुन्हा येणारं, त्यामुळे एकाच भेटीत त्याला पिळून चालत नाही. उलट अमेरिकेतल्या मूळ कंपनीचा निम्म्याहून जास्त नफा आता पार्कं, जहाजं आणि खेळण्यांच्या विभागातून येतो. गाय दूध देतेय म्हटल्यावर सगळे तिच्याकडेच बघणार. येन घसरलेला असेपर्यंत, जपान तसंही बघायचं असेल तर तिथले दोन दिवस हा मला सगळ्यांत चांगला सौदा वाटतो. फक्त जपानमध्ये घरचा डबा आत नेता येत नाही.

पॅरिस आणि हाँगकाँगलाही डिस्ने आहे, पण त्यांच्या खोलात जात नाही. मुंबईहून तीन तासांवर अबूधाबीत यास बेटावर फेरारी वर्ल्ड आहे, ताशी २४० किलोमीटर वेगाचा रोलर कोस्टर आहे, आणि त्याच बेटावर डिस्नेचं पार्क होणार असल्याची घोषणा मे २०२५मध्ये झाली. ते उघडलं की पुण्या-मुंबईच्या माणसाचा हा सगळा हिशेब नव्याने मांडावा लागेल, कारण आठ लाखांतले विमान, व्हिसा आणि अंतराचे आकडे तेव्हा कोसळतील.

आणि खोपोली?

महाराष्ट्रात १९८९मध्ये गोराईला एस्सेलवर्ल्ड आलं. आमच्या पिढीला पार्क हा शब्द तिथूनच कळला, आणि मार्वेहून बोटीने खाडी ओलांडणं हाच मोठा पाळणा होता. २०१३मध्ये खोपोलीजवळ इमॅजिका उघडलं. मनमोहन शेट्टींच्या कंपनीचा तो प्रकल्प. नायट्रो हा तिथला रोलर कोस्टर स्वित्झर्लंडच्या नावाजलेल्या कंपनीचा, परदेशातल्या मोठ्या पार्कांत असतो तशाच जातीचा. पार्क चांगलं होतं, पण कर्ज डोईजड झालं, आणि २०२२मध्ये संगमनेरच्या मालपाणी समूहाने ते ताब्यात घेतलं.

चांगलं पार्क अडचणीत का येतं, हेही थाळीच्याच गणितात आहे. मंगळवारी पार्क अर्धं रिकामं असलं तरी कामगार, देखभाल आणि व्याज रविवारइतकंच. आपल्याकडे माणसं शनिवार-रविवारी आणि मे महिन्यात येतात, बाकी दिवस शाळांच्या सहलींवर भागवावे लागतात. त्यात जुलै २०१७मध्ये थीम पार्कच्या तिकिटावर २८ टक्के जीएसटी लागला. जानेवारी २०१८मध्ये तो १८वर आणला. केरळातून सुरू झालेल्या वंडरलाने काही पाळणे स्वतःच्याच कारखान्यात बनवून खर्च आवरला. आयात केलेल्या रोलर कोस्टरचा हप्ता फेडण्यापेक्षा ते शहाणपणाचं ठरलं.

पार्कची ही दुखरी बाजू गिऱ्हाइकाच्या मात्र पथ्यावर पडते. पुण्याहून चौघं कामाच्या वारी खोपोलीला गेले, तिकीट माणशी दीड हजार धरलं, पेट्रोल, टोल आणि जेवणाचे चार हजार धरले तर दहा हजारांत दिवस होतो. रांगा नसल्यामुळे दहा-दहा फेऱ्या सहज पडतात. चौघांच्या चाळीस. फेरीला अडीचशे रुपये. ओरलँडोच्या आठ हजारांसमोर अडीचशे! दोन्ही एकच वस्तू आहेत, असं मी म्हणणार नाही. तिथली सजावट, सफाई, कामगारांचं हसू वेगळ्या प्रतीचं असतं. पण बत्तीसपट वेगळ्या?

आपल्याकडच्या पार्कांचेही छुपे खर्च आहेत. बहुतेक ठिकाणी बाहेरचं खाणं चालत नाही. वॉटर पार्कात सुती कपडे चालत नाहीत, मग नायलॉनचे दारातच विकत किंवा भाड्याने घ्या. लॉकरचे वेगळे. डिसेंबर-जानेवारीत कामाचा वार निवडलात तरी वीस शाळांच्या बसगाड्या आधी उभ्या असू शकतात, म्हणून आदल्या दिवशी फोन करून विचारून घ्या. धो-धो पावसात मोठे पाळणे बंद ठेवतात आणि त्याचे पैसे सहसा परत मिळत नाहीत. ओरलँडोतही उन्हाळ्यात दुपारी विजा चमकल्या की उघड्यावरचे पाळणे थांबतात, तिथेही नियम तोच.

बहिणीला हे सगळं फोनवर सांगितलं. म्हटलं, जायचंच असेल तर जर्सी वीक टाळ. तो टाळता येत नसेल तर पहाटे उठायची तयारी ठेव. मॅजिक किंगडमला एकच दिवस पास घे, बाकी दिवस घेऊ नकोस. आई-बाबांना एक दिवस आनंदपूर, उरलेले दिवस हॉटेलचा पोहण्याचा तलाव. आणि सगळ्यांत आधी भाच्याची उंची मोज.

तिने फोन ठेवून मोजली. स्वयंपाकघराच्या चौकटीवर पेन्सिलची खूण करून तिचा फोटो पाठवला. एकशे आठ. त्याच्या वर तिने ११२लाही एक रेघ ओढून ठेवली आहे. सध्या तो रोज शाळेतून आल्यावर दप्तर टाकतो आणि तिथे पाठ लावून उभा राहतो. आई-बाबांचं विमान मात्र याच ऑक्टोबरचं आहे.